‘सिट’चीच सक्ती कशासाठी?

मराठी घरात कुत्र्याचे पिल्लू आले की घराची भाषा तेवढ्यापुरती बदलते. जेवणखाण, लाडीगोडी, वादावादी, संध्याकाळची आरती सगळे मराठीत चालू राहते. पिल्लाकडे तोंड वळले की मात्र ‘सिट’, ‘स्टे’, ‘कम’, ‘नो’ सुरू होते. पगारी ट्रेनर लावला तर तो पहिल्याच दिवशी बजावतो, की कमांड इंग्रजीतच द्यायच्या आणि मध्येच मराठी आणायची नाही. कुणी ‘बस’, ‘थांब’ असे शिकवू लागला तर तो हौशी ठरतो. आणि कुणी ‘बैठक’, ‘ठिय्या’, ‘हजर’ असे स्वतःचे शब्द निवडले तर तो सरळसरळ पोरखेळ समजला जातो. हे मत मला चुकीचे वाटते, आणि निरुपद्रवी तर मुळीच वाटत नाही. त्यापायी घरातली निम्मी माणसे कुत्र्याला परकी होतात आणि कुत्र्याला कोणाचे काय ऐकावे हे उमगत नाही.

शास्त्रार्थाची आपल्याकडची जुनी रीत अशी, की पूर्वपक्ष आधी मांडायचा आणि तो ज्याचा आहे त्यालाही पटेल इतक्या ताकदीने मांडायचा. ती रीत इथेही पाळली पाहिजे, कारण या पूर्वपक्षात सगळेच फोल नाही.

तो म्हणतो: या जाती विलायती, पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी हुकमांवर वाढलेल्या, तेव्हा ती भाषा त्यांना जात्याच जवळची. शिवाय इंग्रजी आज्ञा एका झटक्यात संपणाऱ्या. ‘सिट’मधला ‘स’ आणि ‘ट’ कानावर टणकन आदळतो, तसे मराठी शब्दांचे होत नाही. हेच शब्द सगळीकडे चालतात, त्यामुळे कुत्रा उद्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेला, गावाला जाताना बोर्डिंगमध्ये ठेवावा लागला, किंवा दुसऱ्या कुणाला द्यावा लागला, तर तिथल्या माणसाची अडचण होत नाही. आणि शेवटचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. घरात दिवसभर मराठी बोलली जाते. ‘बस’, ‘ये’, ‘जा’ हे शब्द कुत्र्याच्या कानावर सतत पडतात आणि त्यांतले बहुतेक त्याला उद्देशून नसतात. असे शब्द बोथट होतात. इंग्रजी शब्द घरात एरवी नसतात, म्हणून त्यांची धार टिकते.

रक्ताच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘विलायती’ या एका शब्दात आपण जी कुत्री कोंबतो त्यांची मुळे चार दिशांना आहेत. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांबरोबर राबत होते. जर्मन शेफर्डची संघटना १८९९ मध्ये जर्मनीत निघाली आणि तिथे त्याला आजही ‘झिट्स’, ‘प्लाट्स’, ‘फूस’ असे हुकूम मिळतात. पग चीनमधला, शित्झूचे मूळ तिबेट आणि चीनकडचे. रक्ताबरोबर भाषा उतरत असती तर पुण्यातल्या पगशी चिनीत बोलावे लागले असते. रक्तातून उतरते ती कामाची ओढ. पाण्यात उडी घेण्याची, मेंढरांना वळसा घालण्याची, वास काढत जाण्याची. शब्द कोणत्याही पिल्लाला जन्मतः येत नाही, आणि जो येत नाही तो कुठल्याही भाषेतून शिकवता येतो.

खरे तर इंग्रजी बोलणाऱ्या देशांतच याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. ब्रिटनच्या टेकड्यांवर मेंढ्या राखणारे बॉर्डर कोली हे आज्ञापालनात जगात पहिल्या रांगेतले. त्यांना ‘कम बाय’ म्हटले की ते कळपाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, ‘अवे’ म्हटले की उलट्या दिशेने. या दोन्ही शब्दांत डावे-उजवे काहीही नाही. काम संपल्यावर ‘दॅट’ल डू’ म्हणजे ‘पुरे झाले’ एवढेच. माणूस दूर असला तर शब्दही गळून पडतात आणि शिट्टीवर सगळा कारभार चालतो. उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ मुलखात गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना ‘जी’ म्हणजे उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. बैल-घोडे हाकणाऱ्यांच्या तोंडचे हे जुने आवाज कुत्र्यांनाही लागू पडले. म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांनी सर्वांत अवघड कामासाठी ‘लेफ्ट’, ‘राइट’ वापरले नाहीत. त्यांनी आपल्या मुलखात रुळलेले, एकमेकांपासून वेगळे उठून दिसणारे आवाज निवडले. आपण त्यांच्याकडून पद्धत घ्यायला हवी होती. आपण फक्त शब्द उचलले.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे की ठरवलेला, या प्रश्नावर आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके वाद घालत आले. मीमांसक म्हणत तो नित्य, नैयायिक म्हणत तो संकेताने पडलेला. माणसांच्या भाषेपुरता हा वाद ज्याला हवा त्याने चालू ठेवावा. कुत्र्यापुरता तो नैयायिकांनी जिंकला आहे. इव्हान पाव्हलोव्हला १९०४ चे नोबेल पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळाले. त्याच कामातून त्याच्या हाती जे लागले ते सर्वश्रुत आहे: अन्नाशी काहीही संबंध नसलेला आवाज, मेट्रोनोमची टिकटिकसुद्धा, अन्नाच्या आधी पुन्हापुन्हा ऐकवला की कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या आवाजाने पाणी सुटते. टिकटिकीला कोणती भाषा असते?

हे झाले शंभर वर्षांपूर्वीचे. २००४ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी ‘रिको’ नावाच्या बॉर्डर कोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे ओळखता येत होती. ती जर्मन भाषेतली होती, कारण तो जर्मन घरात राहत होता. २०११ मध्ये अमेरिकेतले जॉन पिली यांनी ‘चेसर’ या कुत्रीचा निष्कर्ष मांडला: १,०२२ खेळण्यांची नावे. पिली यांनी प्रत्येक खेळण्याला वेगळे नाव देऊन ते शाईने त्यावर लिहून ठेवले होते, म्हणजे माणसांची गफलत होऊ नये. त्यानंतर हंगेरीतल्या संशोधकांनी नॉर्वे, ब्राझील, स्पेन अशा वेगवेगळ्या देशांतली तल्लख कुत्री तपासली. ती आपापल्या घरच्या भाषेतले शब्द शिकलेली होती. एवढी नावे शिकणारी कुत्री विरळा, हे खरे. सर्वसाधारण कुत्र्याला वस्तूंची नावे जड जातात आणि कृतीचे हुकूम सोपे. पण भाषेचा अडसर कुठेच आढळलेला नाही.

मेंदूच्या पातळीवरही हेच दिसते. बुडापेस्टच्या ऑटव्हॉश लोरांड विद्यापीठात ऑटिला ऑन्डिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवले आणि त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर हे दोन्ही एकत्र आले तरच बक्षिसाने सुखावणारा मेंदूचा भाग जोमाने जागा होतो. ही कुत्री हंगेरियन शब्द ओळखत होती. त्याच ठिकाणी लॉरा कुआया या मेक्सिकोतून आलेल्या संशोधिकेने आपल्याबरोबर आणलेल्या ‘कुन-कुन’ या कुत्र्यावरून पुढचा प्रश्न विचारला: जन्मभर स्पॅनिश ऐकलेल्या या कुत्र्याला हंगेरीत आल्यावर भाषा बदलल्याचे कळते का? १८ कुत्र्यांना ‘द लिटल प्रिन्स’मधला उतारा स्पॅनिशमध्ये आणि हंगेरियनमध्ये ऐकवला, तेव्हा परिचित आणि अपरिचित भाषेला त्यांच्या मेंदूने वेगळा प्रतिसाद दिला. वय जास्त असलेल्या कुत्र्यांत हा फरक अधिक ठळक होता. यातून मिळते ते एवढे, की घरात जी भाषा नांदते तिच्या नादाला कुत्र्याचा कान सरावतो. सोलापूरच्या घरात तो नाद मराठीचा आहे.

आता ‘सिट’च्या टणकपणाकडे वळू. आवाजाचा पोत महत्त्वाचा आहे यात शंका नाही, पण त्याचे नियम इंग्रजीची मालमत्ता नाहीत. पॅट्रिशिया मॅकॉनेल या अमेरिकी संशोधिकेने अनेक भाषा बोलणाऱ्या जनावर-हाकणाऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि १९९० मध्ये पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. भाषा कोणतीही असो, जनावराला चालवायचे, बोलवायचे, वेग वाढवायला लावायचे तर माणसे तुटक, पुन्हापुन्हा, चढत जाणारे आवाज करतात. थांबवायचे किंवा शांत करायचे तर एकच लांब, उतरता स्वर. पिल्लेही तुटक चढत्या आवाजाला जास्त धावून येतात. हे वाचल्यावर आपल्याकडच्या कुत्र्याला बोलावण्याची ‘यू यू यू’ ही हाक आठवावी. ओठांनी केलेला चुचकारा आठवावा. अंगावर सोडायला ‘छू’ आणि हाकलायला ‘हाड्’ आठवावे. बैलाला थांबवताना गाडीवान ‘होऽऽ’ असा जो सूर लांबवतो तोही. या आवाजांचा पोत शास्त्राने सांगितलेल्या पोताशी जुळतो, आणि ते घडवणाऱ्यांनी कुठलेही प्रशिक्षण घेतलेले नव्हते. ‘स’ आणि ‘ट’ तर मराठीत आहेतच, शिवाय ‘ठ’, ‘छ’, ‘झ’, ‘ख’ अशा खणखणीत ध्वनींची आपल्याकडे रेलचेल आहे.

कुत्र्याच्या कानाला दोन शब्दांमधले अंतर लागते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात २००५ साली असे दिसले, की शिकवलेल्या हुकमातले ध्वनी बदलले की कुत्र्यांचे चुकू लागते. उलट २०२० मध्ये बुडापेस्टच्याच चमूला आढळले, की एखाद्या स्वराचा किंचित फरक असलेला निरर्थक शब्द कुत्र्याचा मेंदू ओळखीच्या शब्दापासून वेगळा काढत नाही. दोन्ही निष्कर्षांतून व्यवहाराला लागणारी गोष्ट एकच निघते: हुकूम एकमेकांपासून दूर ठेवा आणि प्रत्येक वेळी तसाच उच्चारा. या कसोटीवर रूढ इंग्रजी संच फारसा चांगला नाही. ‘सिट’ आणि ‘स्टे’ एकाच ध्वनीने उघडतात. ‘नो’ आणि ‘गो’ जुळे आहेत. कुत्रीचे नाव ‘ब्राउनी’ असेल तर ‘डाउन’ तिच्या नावासारखाच वाजतो. मराठीतही ‘दे’ आणि ‘ये’ ही जोडी अशीच टाळावी लागते. शब्द पारखायचा तो या दृष्टीने. त्याचे भाषिक कुळ पाहण्याचे कारण नाही.

आणि मुळात कुत्रा शब्दच ऐकतो आहे याची खात्री किती जणांना आहे? विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हान्स’ नावाचा घोडा खुराने टापा मारून गणिते सोडवतो म्हणून गाजला. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की घोडा प्रश्नकर्त्याच्या मानेची आणि शरीराची नकळत होणारी हालचाल वाचतो. बरोबर आकडा येताच माणूस जरासा सैलावतो आणि घोडा थांबतो. कुत्रा या कलेत घोड्याच्या पुढे आहे. इटलीत नेपल्स इथल्या संशोधकांनी कुत्र्यांना तोंडाने एक हुकूम आणि हाताने दुसरा, असे परस्परविरोधी इशारे दिले, तेव्हा बहुतांश कुत्री हाताच्या मागे गेली. याची परीक्षा वाचकाला घरीच घेता येईल. नेहमीच्या जागी, नेहमीच्या ढबीत कुत्र्यासमोर उभे राहा, बिस्कीट धरल्यासारखी मूठ वर न्या आणि नेहमीच्याच सुरात ‘बटाटा’ म्हणा. पुष्कळ कुत्री बसतात. मग पाठ फिरवा, हात खिशात घाला आणि सपाट आवाजात ‘सिट’ म्हणा. पुष्कळ उभी राहतात. वर्षभर ‘इंग्रजी शिकलेल्या’ कुत्र्याला शब्द आलेलाच नसतो. त्याला मुठीची भाषा आलेली असते.

मी पाहिलेल्या एका घरातले सांगतो. दोन वर्षांची राणी, लॅब्रॅडॉरच्या वळणाची. मुलगी तिला ‘सिट’ म्हणे. मुलगा ‘सिट डाउन’ म्हणे, म्हणजे बस आणि आडवी हो असे दोन हुकूम एका दमात. आजी ‘राणी, बस गं बाई खाली’ म्हणत. आणि सकाळी कामाला येणाऱ्या मावशी लादी पुसताना ‘ए बये, गप बस तिथं’ म्हणत. राणी चौघांकडे आळीपाळीने बघे आणि ज्याच्या हातात खाऊ असेल त्याच्यासमोर बसे. त्यांनी लावलेल्या ट्रेनरचे म्हणणे, घरच्यांनी इंग्रजी पाळली नाही म्हणून कुत्री बिघडली. आजींनी त्याला सरळ विचारले, “दिवसभर ती माझ्यापाशी असते. मला जमेल असं काही सांगा की.” या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म त्या प्रश्नात आहे.

शेवटी त्या घराने ‘बैठक’ आणि ‘ठिय्या’ हे दोन शब्द निवडले. शिकवणी अशी झाली. आजी खुर्चीत बसल्या, बिस्किटाचा नखाएवढा तुकडा राणीच्या नाकासमोर धरून हळूच वर आणि मागे नेला. नाक वर गेले की बूड आपोआप खाली टेकते. टेकले त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा तोंडात. शब्द अजून उच्चारलेला नाही. हे बिनचूक होऊ लागल्यावर ‘बैठक’ आला, तोही हाताच्या आधी: शब्द, अर्धा श्वास थांबून हात, मग शाब्बास. या अर्ध्या श्वासाला फार किंमत आहे. शब्द आणि हात एकदम आले तर आधीपासून ओळखीचा असलेला हात कुत्र्याचे सगळे लक्ष खाऊन टाकतो आणि शब्दाकडे त्याला बघावेच लागत नाही. लिओन कामिन यांनी १९६० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांत हाच परिणाम दाखवला होता. शब्द आधी आला की राणी हात हलण्याची वाट न पाहता बसू लागली, आणि मग हात हळूहळू लहान करत नाहीसा केला. ‘ठिय्या’ मावशींनी शिकवला. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर राणीला बसवायचे, ‘ठिय्या’ म्हणायचे, फरशीवर एक हात फिरवायचा, परत येऊन तुकडा द्यायचा. मग दोन हात, मग अर्धी खोली. ओल्या लादीवर पंजे उमटू नयेत ही मावशींची गरज होती, त्यामुळे त्यांनी शब्दात कधी कुचराई केली नाही. राणी उंबरठ्याबाहेर बसू लागली.

पूर्वपक्षाचा शेवटचा मुद्दा, बोथट होण्याचा, मी मान्य करतो. ‘बस’ हा खरोखर वाईट हुकूम आहे. ‘बस झालं’, ‘बस चुकली’, ‘बसा ना’, ‘नुसता बसलाय’ अशा रूपांत तो दिवसभर हवेत असतो आणि त्यातल्या कशालाच कुत्र्याने प्रतिसाद द्यायचा नसतो. पण हा युक्तिवाद इंग्रजीच्या बाजूने जातो असे समजणारे आपल्याच घरातले बोलणे ऐकत नाहीत. ‘नो’, ‘कम ऑन’, ‘स्टॉप’ इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या तोंडी मराठी शब्दांइतकेच आहेत. ‘ओके’चे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. ‘स्टे’वर बसवलेल्या कुत्र्याला मोकळे करायला पुष्कळ जण ‘ओके’ म्हणतात. तोच शब्द आपण फोनवर प्रत्येक वाक्यामागे म्हणतो. फाटकाशी कुत्रा बसला आहे, मालक फोनवर ‘ओके, ओके’ म्हणाला, कुत्रा शिकवल्याप्रमाणे मोकळा झाला आणि रस्त्यावर गेला. चूक कुत्र्याची नाही. पाश्चात्त्य प्रशिक्षकांतले जाणते लोकही याच कारणाने ‘ओके’ टाळायला सांगतात. तेव्हा बोथटपणावरचा इलाज म्हणजे घरात एरवी न वापरला जाणारा शब्द. तो मराठीच्या भांडारात मुबलक सापडतो. बसण्याला ‘बैठक’, जागा न सोडण्याला ‘ठिय्या’, येण्याला ‘हजर’, आडवे होण्याला ‘लोळण’, मोकळे करण्याला ‘सुटलास’ किंवा ‘सुट्टी’. हे सगळे शब्द घरातल्या कुणालाही एकदा सांगितले की लक्षात राहतात, जीभ अडखळत नाही, आणि भाजी निवडताना त्यांतला एकही सहज तोंडातून निसटत नाही.

नवा, अनवट शब्द घेण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. शब्द नासतात. ‘कम’ म्हणून बोलावले आणि आंघोळ घातली, ‘कम’ म्हणून बोलावले आणि नखे कापली, बागेत मजेत खेळताना ‘कम’ म्हणून बोलावले आणि पट्टा अडकवून घरी आणले. थोड्याच दिवसांत ‘कम’ म्हणजे सुख संपल्याची सूचना होते आणि कुत्रा तो ऐकून मागे सरकतो. मालकाला वाटते कुत्रा हट्टी झाला. अशा वेळी तोच शब्द अधिक मोठ्याने ओरडून काहीही साधत नाही. नवा शब्द घ्यावा, तो सुरुवातीला फक्त मटणाच्या तुकड्याबरोबर उच्चारावा आणि त्याच्यामागून कधीही काही अप्रिय करू नये. ‘सिट-स्टे-कम’ एवढेच शब्द जगात आहेत असे मानणाऱ्या माणसाला ही वाटच दिसत नाही.

परक्या माणसाची अडचण होईल ही भीतीही तपासून पाहावी. डॉक्टरच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा कुणाच्याही ‘सिट’ने बसत नाही, तिथे ओळखीचा हात आणि ओळखीचा आवाज लागतो. बोर्डिंगमध्ये ठेवताना खाण्याच्या वेळा लिहून देतोच, त्याच कागदावर पाच शब्द लिहून देता येतात. आणि कुत्रा कायमचा दुसऱ्या घरी गेला तर नव्या मालकाने आपला शब्द आधी म्हणायचा, लगेच जुना म्हणायचा, बक्षीस द्यायचे. पुरेशा उजळणीनंतर कुत्रा जुन्याची वाट पाहत नाही. ज्या कुत्र्याला अजिबात ऐकू येत नाही तोही हातवाऱ्यांवर सर्व काही शिकतो. अमेरिकेतल्या अनेक पोलीस कुत्र्यांना जर्मन, डच किंवा चेक हुकूम दिले जातात. गुन्हेगाराला कळू नये म्हणून हे करतात, अशी दंतकथा आपल्याकडेही ऐकू येते. मुख्य कारण साधे आहे: ती कुत्री त्या देशांतून शिकून येतात, आणि कुत्र्याला पुन्हा शिकवण्यापेक्षा हवालदाराला चार-सहा शब्द पाठ करणे सोपे पडते. तिथले पोलीस कुत्र्याच्या शब्दाला मान देतात, मग तो कुठल्या का भाषेतला असेना.

माझ्या पक्षालाही एक मर्यादा आहे, आणि तीही माणसाच्या बाजूने येते. कुत्र्याला बसण्यासाठी ‘चहा’ आणि थांबण्यासाठी ‘पतंग’ शिकवला तरी तो शिकेल. पण कुत्रा सुटून हमरस्त्याकडे धावतो तेव्हा माणसाच्या तोंडून ‘पतंग’ निघणार नाही. त्या क्षणी छातीतून जो शब्द उमटतो तो ‘थांब’. म्हणून जीव वाचवणारा हुकूम तोच ठेवावा, जो घाबरलेल्या माणसाच्या तोंडी आपोआप येतो. आणि घरात एरवी ‘थांब’ उच्चारला जातो म्हणून कुत्र्यासाठी तो नेहमी एकाच ठरलेल्या सुरात म्हणावा, त्या सुरात दुसऱ्या कुणालाही म्हणू नये. बाकीच्या शब्दांत हवी तितकी मोकळीक घ्यावी.

मग इंग्रजीचा हा आग्रह कशावर उभा आहे? माझ्या मते प्रतिष्ठेवर. जातिवंत कुत्रा बाळगण्याची रीत आपल्याकडे साहेबाच्या बंगल्यातून आणि लष्करी छावणीतून पसरली आणि हुकूम देण्याची भाषा तिच्याबरोबर आली. माळावर मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगराचा कुत्रा रात्रभर जागून लांडगा परतवतो. त्याच्या कानावर ‘सिट’ कधी पडलेला नसतो, आणि त्याला अडाणी म्हणायला कुणी धजावणार नाही. शहरातल्या घरात मात्र दिवसभर कुत्र्याला खाऊपिऊ घालणाऱ्या आजी आणि त्याच्यामागे झाडलोट करणाऱ्या मावशी ‘कमांड येत नाहीत’ म्हणून बाजूला बसवल्या जातात, आणि संध्याकाळी अर्धा तास भेटणारी माणसे त्याचे मालक ठरतात. कुत्र्यावर हा अन्याय आहे, कारण ज्यांच्याशी त्याचा दिवस जातो त्यांचेच बोलणे त्याला कळेनासे होते. त्या दोघींवर तर आहेच.

घरात पिल्लू येणार असेल, किंवा आलेले असून ऐकत नसेल, तर ट्रेनरला फोन करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. कामाला येणाऱ्या मावशींनाही बोलवा. कुत्र्याजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असते ते ठरवा आणि शब्द त्या व्यक्तीला निवडू द्या. पाच-सहा पुरेत. ते एकमेकांसारखे वाजत नाहीत ना, कुत्र्याच्या नावाशी जुळत नाहीत ना, एवढे मोठ्याने म्हणून पाहा. मग ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि पाहुण्यांसकट कुणालाही त्यांत फेरफार करू देऊ नका.